सरावाची सभा

४ ऑगस्ट, सोमवार

साहेबांनी परवाच्या बैठकीत आम्हा सगळ्या प्रशिक्षकांना सांगितलं की रोजचे अनुभव टिपून ठेवत चला, पुढे अहवालाला उपयोगी पडतात. अहवालाचं लिखाण वेगळ्या वहीत करीन. ही वही माझी. इथे कुणी लाल शाईने शेरा मारणार नाही.

सव्वीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. गेली दोन वर्षं घशाच्या त्रासामुळे वर्गातून सुटका मिळाली आहे आणि मी पालक-शिक्षक समित्यांना सभा कशी घ्यायची ते शिकवतो. बायकोचं म्हणणं असं की, मोठ्या माणसांपुढे दिवसभर बोलून घसा बसत नाही आणि मुलांपुढे बसतो, असा घसा तिने दुसरा पाहिला नाही. ती पोस्टात खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची पाकिटं तोलते, त्यामुळे माणसंही तोलायची तिला सवय झाली आहे.

चाळीस शाळा पुऱ्या करायच्या आहेत. बावीस झाल्या. आज तेविसावी सुरू केली. शाळा लहानशी, पाच खोल्या, पुढे लोखंडी फाटक आणि एक नळ, जो बंद केला तरी ठिबकतो. हेडमास्तर भला माणूस, कुणालाच नाही म्हणत नाही. त्याने आम्हाला तिसरीची खोली दिली. तशीही ती आमचीच म्हणायची, कारण समित्यांना वाटायच्या पुस्तिकांची अठ्ठावन्न खोकी जूनपासून तिथेच रचून ठेवली आहेत. साहेबांच्या हस्ते प्रकाशन झाल्याशिवाय ती उघडायची नाहीत. कार्यालयात जागा नाही आणि या शाळेत तीच एक खोली कोरडी राहते. तिसरीची मुलं व्हरांड्यात दुसरीच्या शेजारी बसतात. मुलांचं काय, कुठेही बसतात.

६ ऑगस्ट, बुधवार

आज तिसरा दिवस, म्हणजे सरावाच्या सभेचा. दोन्ही वर्षांतली सर्वांत चांगली झाली. मला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

माझे तीन नियम समितीला तोंडपाठ झाले आहेत. एक, सभेत प्रत्येकाची पाळी. सगळ्यांचं एकदा बोलून होईपर्यंत कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. दोन, जे लिहिलं ते झालं, जे लिहिलं नाही ते झालंच नाही. तीन, देता येईल तेच मागा. आभाळ मागितलं की कार्यालय म्हणतं पाहू, आणि मग कायमचं पाहतच बसतं.

अध्यक्ष आहेत ते पाववाले, कोपऱ्यावरच्या बेकरीचे मालक. बोलले की समोरच्याला भाजून काढतात, पण मनात काही ठेवत नाहीत. लिहायचं काम शिवणकाम करणाऱ्या एका ताईंकडे दिलं. चौथीनंतर त्यांनी शाळा पाहिली नाही, पण अक्षर कसं, टाके घातल्यासारखं. तिसरा नेहमी येणारा म्हणजे स्कूलबसचा ड्रायव्हर. त्याची मुलगी तिसरीत आहे.

सरावासाठी मी कार्डावर एक प्रश्न लिहून नेतो. आज लिहिलं होतं : तिसरीच्या मुलांना वाचता येत नाही. कारण शोधा, ठराव करा. तिसरीच का, तर मागच्या शाळेत कार्डावर दुसरी लिहून झाली होती. ‘का’ असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं, ही आमची पद्धत. आरोप असलेली शिक्षिका कोण होणार विचारलं, तर खऱ्या तिसरीच्या बाईच उठून उभ्या राहिल्या. दुसरं कुणी उठेना, आणि माझा वेळ चालला होता. मनाच्या सरळ आहेत. थोड्या थकलेल्या दिसल्या. सुरुवातीला त्यांना नाटक जमेना, सारख्या हसायच्या. मी म्हटलं, “बाई, जरा मान खाली घाला आणि म्हणा, माझं लक्ष कमी पडलं, यापुढे असं होणार नाही.” मग त्यांनी इतकं हुबेहूब म्हटलं की सगळे सावरून बसले.

ड्रायव्हर मध्येच म्हणत होता की मुलं व्हरांड्यात बसतात, दुसरीचे पाढे चालू असतात, ऐकू काय येणार. पण त्याची पाळी होऊन गेली होती. नियम म्हणजे नियम, मी त्याला हाताने बसवलं. ठराव झाला : तिसरीच्या शिक्षिकेने चूक कबूल केली आहे, त्यांच्या जागी दुसरी शिक्षिका मिळावी. ताईंनी सगळं इतिवृत्त सुबक लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या, बाईंनीसुद्धा. नमुना म्हणून पिवळ्या पाकिटावर कार्यालयाचा पत्ता कसा लिहायचा तेही मी माझ्या हाताने लिहून दाखवलं.

संध्याकाळी तक्ता भरला. ‘प्रत्यक्ष सभा क्र. १ : झाली.’ या रकान्याबद्दल इथे खरं लिहून टाकतो. चौथ्या दिवशी परत येऊन खरी सभा पाहायची असा आदेश आहे. पण चौथ्या दिवशी पालक येत नाहीत, त्यांनाही पोटापाण्याचे धंदे आहेत. म्हणून मी तिसऱ्या दिवसाची सभाच खरी म्हणून भरतो आणि हजेरीचं पहिलं पान जोडतो. बावीस शाळांत असंच केलं. शेवटी सभा ती सभा. माणसं तीच, खुर्च्या त्याच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी चोविसाव्या शाळेकडे निघालो होतो, तेवढ्यात फोन वाजला. शिलाईवाल्या ताई बोलत होत्या, आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाल्या, सर, तीन दिवसांच्या आत पाठवायचं म्हणालात ना, कालच पाठवलं, आणि साधं नाही, रजिस्टर करून. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी पाकीट टाकलं.

मी म्हटलं, छान.

सरावाचा कागद फाडून टाका हे मी सांगायला विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नाही. फाडायला सांगितलं तर सराव होता हे कुणाच्या तरी लक्षात राहिलं असतं.

तडक पोस्टात गेलो. रांगेत उभं राहून बायकोच्या खिडकीशी आलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की रजिस्टर केलेलं पाकीट परत घेता येतं का. ती म्हणाली, “एकदा शिक्का पडला की ते पाठवणाऱ्याचं राहत नाही. तुमच्या अक्षरातलं काल एक होतं. चुकलं का काही?” मी म्हटलं छे, माहिती म्हणून विचारलं. मागच्या माणसाने खाकरून दाखवलं, तेव्हा बाजूला झालो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

अकरा दिवस काहीच नाही. सरकारी टपाल कुठल्या तरी खणात पडून राहतं आणि तिथेच विसरलं जातं, हा माझा अनुभव. झाकली मूठ सव्वा लाखाची. चोविसावी शाळा झाली.

२० ऑगस्ट, बुधवार

साहेबांनी बोलावलं. दार उघडलं तर साहेब उठून उभे. हातात तेच इतिवृत्त. म्हणाले, दोन वर्षांत चहा-बिस्किटांशिवाय समित्यांमधून काही निघालं नव्हतं, हे पहिलं फळ. पालकांनी कारण शोधलं, शिक्षिकेला समोर विचारलं, तिने कबूल केलं, सगळ्यांच्या सह्या. असं कुठे घडतं? वरच्या बैठकीत हा नमुना म्हणून दाखवणार. आणि नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षकांच्या दोन जागा कायम होणार आहेत, त्यातली एक कुणाची ते सांगायला नको.

मी खुर्चीच्या काठावर बसून होतो. आता सांगतो, आता सांगतो असं करत चहा संपला. मग त्यांनी विचारलं, “ही तुमच्या तक्त्यातली प्रत्यक्ष सभा क्रमांक एक, बरोबर ना?”

मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, की मग आधीच्या बावीस?

शिक्षिकेचं काय होणार, असं मी जाता जाता विचारलं. साहेब म्हणाले, बदली होईल, तिच्याच भल्यासाठी. दूरच्या शाळेत एक जागा आहे. तसं बघता शिक्षा काहीच नाही.

घरी येऊन हिला एवढंच सांगितलं की साहेब खूश आहेत. ती म्हणाली, मग जेवण का जात नाही?

२५ ऑगस्ट, सोमवार

तिसरीच्या बाई कार्यालयात आल्या होत्या. आरडाओरडा करतील म्हणून मी आधीच दार लोटून घेतलं, पण त्या शांतच होत्या. आदेशाची प्रत टेबलावर ठेवली. शाळा बेचाळीस किलोमीटरवर, दोन बस बदलून. घरी सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, एक बाजू लुळी. मधल्या सुट्टीत बाई पळत घरी जाऊन त्यांना कुशीवर वळवतात, दोन घास भरवतात आणि घंटेच्या आत परत येतात. नवरा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

मग म्हणाल्या, “सर, दोन ओळी लिहून द्या. तो सराव होता एवढंच. मान खाली घाला असं तुम्हीच म्हणाला होतात.”

मी म्हटलं, बघतो, साहेबांशी बोलून घेतो, नीट मार्ग काढू. अशा वेळी माझ्या तोंडून फार समजूतदार वाक्यं निघतात. त्या गेल्यावर लक्षात आलं की त्यांना बसा म्हणायचं राहिलंच. उभ्याउभ्या बोलून गेल्या.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मार्ग काढण्याचा विचार करतो आहे. इकडे आड, तिकडे विहीर. दोन ओळी लिहिल्या तर तेवीस शाळांचे तक्ते खोटे ठरतात, चोविसावाही. चौकशी होईल, आणि चौकशी नाही झाली तरी परत वर्गावर पाठवतील. नाही लिहिल्या तर बाई जातात.

पण विचार केला तर बाईंनी तरी सही का केली? सुशिक्षित बाई. कागद वाचूनच सही करावी हे मी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आणि तिसरीच्या मुलांना वाचता येत नाही हे काही खोटं नाही. आज चौकशी केली, खरंच अर्ध्या मुलांना येत नाही. म्हणजे कार्डावर मी जे लिहिलं त्यात तथ्य होतं. नकळत का होईना, मी दुखऱ्या जागीच बोट ठेवलं. हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं.

१ सप्टेंबर, सोमवार

बरं वाटणं टिकलं नाही.

वर्गावर परत जायचं नाही. हे मी कुणापाशी बोललेलो नाही. घसा हे निमित्त. शेवटच्या वर्षी एकदा मी एक धडा शिकवला, आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा शिकवला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. एकाही मुलाने म्हटलं नाही की सर, हा कालच झाला. माझ्याही लक्षात आलं नाही. तास संपल्यावर पुढच्या बाकावरच्या एका मुलीने अगदी हळू विचारलं, “सर, आम्ही तुम्हाला आवडत नाही का?” मी तिला बाहेर उभं केलं. त्याच आठवड्यात घसा बसला.

मोठ्या माणसांचं बरं असतं. ती असं विचारत नाहीत.

३ सप्टेंबर, बुधवार

बाई नव्या शाळेत रुजू झाल्या. हेडमास्तरांनी फोनवर सांगितलं. निरोपाला मुलांनी काय काय केलं तेही सांगायला लागले, मी दुसरा फोन येतोय म्हणून ठेवून दिला. सासूबाईंना दुपारी आता शेजारीण पाहते. जमेल तेव्हा.

तिसरी सध्या दुसरीच्या बाईंकडेच आहे. एकूण त्र्याहत्तर मुलं आणि एक व्हरांडा.

१५ सप्टेंबर, सोमवार

वरच्या बैठकीत माझं भाषण झालं. ‘समिती जागी होते तेव्हा’ असा विषय साहेबांनीच दिला होता. दुसऱ्या रांगेत एक म्हातारे अधिकारी बसले होते. भाषणानंतर त्यांनी विचारलं, त्या वर्गाला वाचता येत नव्हतं त्याचं मूळ कारण काय निघालं? मी म्हटलं, शिक्षिकेचं दुर्लक्ष. ते म्हणाले, हे तर पहिल्याच ‘का’चं उत्तर झालं. तुमची पद्धत पाच वेळा विचारायची आहे ना? सगळे हसले. मीही हसलो. घसा खरंच बसला आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तेविसाव्या शाळेच्या समितीने आपणहून सभा घेतली. मला बोलावणं नव्हतं. असं दोन वर्षांत एकाही समितीने केलं नव्हतं. मला हे कळलं ते साहेबांकडून, कारण इतिवृत्त रजिस्टर होऊन त्यांच्या टेबलावर आलं. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

टाके घातल्यासारखं तेच अक्षर. मी सगळं उतरवून घेतलं नाही, पण आठवतं तेवढं लिहितो. प्रश्न तोच : तिसरीच्या मुलांना वाचता येत नाही. का? बाईंचं बोलणं ऐकू येत नाही. का? मुलं व्हरांड्यात बसतात. का? खोली भरलेली आहे. का? आत खोकी रचली आहेत. का? खोकी प्रशिक्षणाची आहेत, प्रकाशन झालेलं नाही. पाच ‘का’ बरोबर मोजलेले. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं म्हणणं, ड्रायव्हरचं सर्वांत आधी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या खोक्यांना पाठ टेकून मी तीन दिवस बोललो होतो.

आणि ठराव. पूर्वीचा ठराव सरावाचा होता, तो रद्द समजावा. बाईंना परत पाठवावं. पण बदलीचा आदेश लगेच मागे घेता येत नाही असं हेडमास्तर सांगतात, म्हणून बाई येईपर्यंत तिसरीला एक शिक्षक हवा. दुसरीकडून काढला तर तिथली मुलं अडतील. ज्यांना वर्ग नाही असे एक शिक्षक आहेत, त्यांना सव्वीस वर्षांचा अनुभव आहे. आम्हाला सभा शिकवणारे सर तिसरीला द्यावेत. शेवटी कंसात लिहिलं आहे : हे देता येण्यासारखं आहे.

साहेबांनी ठरावाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “सरावाचा होता म्हणजे काय?”

मी म्हटलं, पालक आहेत साहेब, बदली झाल्यावर त्यांना वाईट वाटलं असेल, म्हणून आता तसं म्हणत असतील.

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. इथे लिहून ठेवतो.

साहेबांनी मान डोलावली. त्यांनाही तेच ऐकायचं होतं, त्यांनीही नमुना वर दाखवून ठेवला आहे. मला वाटलं सुटलो. पण पुढे ते म्हणाले, हे बाकीचं मात्र नाकारता येत नाही, पंधरा दिवसांत उत्तर द्यायचा नियम आहे आणि समित्यांचं ऐका हे आपणच सगळ्यांना सांगत फिरतो. नोव्हेंबरपर्यंत जा. वर चांगलं दिसेल, प्रशिक्षक स्वतः वर्गावर.

गुरूची विद्या गुरूला फळली.

२२ सप्टेंबर, सोमवार

व्हरांड्यात पहिला दिवस.

डावीकडे दुसरीचे पाढे, उजवीकडे ठिबकणारा नळ, समोर फाटक, आणि मध्ये चौतीस मुलं माझ्याकडे बघत. मी बोलायला लागलो आणि माझं मलाच ऐकू येईना. ओरडलो. मागच्या दोन रांगांना तरीही नाही. खोलीचं दार माझ्या पाठीमागे, त्याला हेडमास्तरांचं कुलूप. दुपारपर्यंत घसा खरोखर गेला. यावर कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून घरी सांगितलं नाही.

ड्रायव्हरच्या मुलीला वाचायला सांगितलं. ती अक्षरावर बोट ठेवून माझ्या ओठांकडे बघत राहिली. इतके दिवस ती बाईंचे ओठ बघून म्हणत असणार. पाढे सुरू झाले की पोरं ऐकणं सोडून बघायला लागतात, हे मला एका दिवसात कळलं. बाईंना ते जूनपासून माहीत असणार, आणि तरी त्या नाटकात मान खाली घालून उभ्या राहिल्या.

शाळा सुटताना शिलाईवाल्या ताई फाटकाशी भेटल्या. म्हणाल्या, राग मानू नका हो सर. तुम्हीच शिकवलंत, देता येईल तेच मागा. मी म्हटलं, राग कसला. त्यांचा खरंच माझ्यावर राग नाही. तो असता तर सोपं झालं असतं. त्यांना वाटतं की पत्र मी केव्हाच दिलं आहे आणि कार्यालयच अडवतं आहे. बाईंनी त्यांना तसं सांगितलं म्हणे : सर बोलणार आहेत साहेबांशी.

२४ सप्टेंबर, बुधवार

हेडमास्तरांकडून किल्ली घेतली. प्रकाशन झालेलं नाही, असं ते दोनदा म्हणाले, पण नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नाही. दुपारी ड्रायव्हर आणि पाववाले आले, आणि आम्ही तिघांनी अठ्ठावन्न खोकी हेडमास्तरांच्या खोलीत रचली. आता खोक्यांपलीकडे त्यांचं फक्त कपाळ दिसतं. एक खोकं फुटलं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर माझेच तीन नियम छापलेले होते. पाववाल्यांनी मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाले, छपाई चांगली आहे.

उद्यापासून तिसरी खोलीत.

३० सप्टेंबर, मंगळवार

खोलीत आवाज पोचतो. आठ मुलांनी एक पूर्ण वाक्य वाचलं. एक मुलगा म्हणाला, आमच्या बाई असंच सांगायच्या, पण तेव्हा ऐकू यायचं नाही. मी म्हटलं हो.

संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. तेवीस शाळा, चोविसावी, साहेबांसमोरचा हो, आणि नंतरचं ते वाक्य. ती भाजी चिरत होती, चिरतच राहिली. शेवटी म्हणाली, “मला त्या पाकिटाचं त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही कधी सांगताय ते बघत होते.” मग म्हणाली, घशाला गरम पाणी घ्या. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने घशाबद्दल असं म्हटलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज समितीची सभा झाली, आमच्या खोलीत. मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन सगळे बसले होते. तिसरीचा शिक्षक म्हणून मलाही बोलावलं होतं. विषय एकच, बाईंचं पुढे काय. बाई स्वतः दोन बस बदलून आल्या होत्या. दाराशी बसल्या, कारण शेवटची बस साडेपाचला.

पाळी फिरू लागली. पाववाले म्हणाले, कार्यालय ऐकत नाही. ड्रायव्हर म्हणाला, सरावाच्या कागदावरून कुणाला शिक्षा होते का. आणखी दोन आया बोलल्या. बाई म्हणाल्या, सासूबाईंच्या पाठीला जखम झाली आहे, शेजारणीला वळवायला जमत नाही. एवढंच बोलून त्या थांबल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मग माझी पाळी आली. गप्प बसायलाही परवानगी आहे, तो नियमही माझाच. ‘सर गप्प राहिले’ एवढं लिहून पुढे जाता येतं. ताईंनी माझं नाव लिहून ठेवलं होतं आणि पेन टेकवून वाट पाहत होत्या.

मी म्हटलं, “सहा ऑगस्टची सभा सरावाची होती. प्रश्न मी लिहिला होता, बाईंच्या तोंडचं वाक्यही मीच सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा ती खरी होती असं मी सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही खोटं बोलता असं सांगितलं. चोवीस शाळांत मी सरावाच्या सभा खऱ्या म्हणून भरल्या आहेत.”

पाववाल्यांचे कान लाल झाले, ते बोलायला उठले, पण त्यांची पाळी होऊन गेली होती. ड्रायव्हरने त्यांना हाताने बसवलं. बाई खाली बघत होत्या, यावेळी कुणी सांगितलेलं नसताना.

ताई लिहीत होत्या. हळू लिहितात त्या. माझं म्हणणं संपून पाच मिनिटं तरी फक्त पेनचा आवाज येत होता. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “सर, हे खरं धरायचं ना? सराव नाही?”

“खरं,” मी म्हटलं.

त्यांनी वही माझ्यापुढे फिरवली. मी शब्द न् शब्द वाचला आणि सही केली. पाकीट मी टाकून येतो म्हणालो. ताईंनी पाववाल्यांकडे पाहिलं, पाववाल्यांनी ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर म्हणाला, चला, मी सोडतो. पावती मात्र आणून द्या. बाईंनाही त्यानेच वाटेत बसथांब्यावर उतरवलं. उतरताना त्या मला म्हणाल्या, तिसऱ्या रांगेतला कडेचा मुलगा आहे ना, त्याला पुढे बसवा, त्याला लांबचं दिसत नाही.

पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं होती. हिच्या खिडकीपुढे चार माणसं. माझी पाळी आली तसं पाकीट आत सरकवलं. तिने पत्ता वाचला, वजन केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “शिक्का पडला की परत मिळत नाही, माहीत आहे ना?”

माहीत आहे म्हटलं. तिने शिक्का मारला आणि पावती दिली. मागे अजून दोघं उभे होते, म्हणून मी बाजूला झालो.